खेळाडूच्या श्रमाचा हिशेब : पॅट्रिक ओकॉनेल

खेळाडूकडे पाहण्याची समाजाची रीत मोठी चमत्कारिक आहे. तो जिंकतो तोवर त्याला देव्हाऱ्यात बसवायचे, हरला की शिव्या घालायच्या आणि पाय थकले की त्याचे नावही विसरून जायचे. खेळाडू हा आपले शरीरबळ विकून पोट भरणारा श्रमिक आहे, ही साधी गोष्ट या तिन्ही अवस्थांत कोणाच्या ध्यानी येत नाही. खेळ म्हणजे करमणूक, आणि करमणूक करणाऱ्याने वेतनाची भाषा बोलू नये, अशी आपली समजूत असते. या समजुतीचा लाभ कोणाला होतो आणि किंमत कोणाला मोजावी लागते, याचा विचार करण्यासाठी आज एका आयरिश फुटबॉलपटूचे चरित्र आपल्यापुढे मांडावयाचे आहे. त्याचे नाव पॅट्रिक ओकॉनेल.

आपल्याकडे हे नाव अपरिचित आहे. त्याच्या स्वतःच्या देशातही ते दीर्घकाळ अपरिचितच होते. मँचेस्टर युनायटेडचा हा एके काळचा कर्णधार आणि बार्सिलोना क्लबचा एके काळचा प्रशिक्षक २७ फेब्रुवारी १९५९ रोजी लंडनमध्ये विपन्नावस्थेत मरण पावला. केन्सल ग्रीनच्या कॅथलिक दफनभूमीत त्याला पुरले, आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ त्या जागेवर साधा नामफलकही नव्हता. एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात फुटबॉलप्रेमींनी वर्गणी गोळा केली, तेव्हा कुठे तिथे दगड बसला. हे असे का व्हावे?

ओकॉनेलचा जन्म १८८७ चा. डब्लिन शहराच्या ड्रमकॉन्ड्रा भागात तो वाढला आणि तरुणपणी बोलंडच्या पिठाच्या गिरणीत कामाला लागला. त्या काळचे डब्लिन म्हणजे युरोपातील अत्यंत दरिद्री शहरांपैकी एक. एकेका खोलीत एकेक कुटुंब राहत असे, गोदीत व गिरण्यांत रोजंदारीचे काम चाले, आणि ते काम उद्या मिळेल याची शाश्वती नसे. अशा शहरातल्या तरुणाला पायात कसब असेल तर फुटबॉल हा सुटकेचा एक मार्ग होता. बेलफास्ट सेल्टिक या संघातून तो नावारूपाला आला आणि १९०९ मध्ये इंग्लंडात शेफिल्ड वेन्सडे क्लबने त्याला घेतले. तिथे तीन वर्षे काढून तो हल सिटी क्लबकडे गेला. एव्हाना एलन ट्रेस्टन या तरुणीशी त्याचा विवाह झालेला होता. हाफबॅकच्या जागेवरून बचाव आणि चढाई यांचा सांधा जुळविणारा, अंगाने दणकट आणि डोक्याने शांत असा खेळाडू म्हणून त्याची ख्याती झाली.

१९१३-१४ चा हंगाम हा आयर्लंडच्या इतिहासात विलक्षण अस्वस्थतेचा होता. १९१३ च्या ऑगस्टमध्ये डब्लिनच्या ट्राम कामगारांनी संप पुकारला, आणि जिम लार्किन व जेम्स कोनोली यांच्या युनियनचे सभासदत्व सोडण्यास नकार देणाऱ्या सुमारे २०,००० कामगारांवर मालकांनी टाळेबंदी लादली. हा संघर्ष फुटबॉलच्या मैदानाच्या दारापर्यंत येऊन पोहोचला होता. ३० ऑगस्ट १९१३ रोजी शेल्बर्न आणि बोहिमियन्स यांच्या सामन्यात संपफोडे खेळाडू उतरणार म्हणून कामगारांनी मैदानाबाहेर निदर्शने केली आणि तिथे पोलिसांशी चकमकी झडल्या. उपासमारीने खचलेले कामगार १९१४ च्या जानेवारीत कामावर परतू लागले. त्याच महिन्यात आयर्लंडच्या राष्ट्रीय संघाने रेक्सहॅम येथे वेल्सला २-१ असे हरविले. फेब्रुवारीत मिडल्सबरो येथे खुद्द इंग्लंडला त्यांच्या भूमीवर ३-० अशी धूळ चारली. १४ मार्च रोजी बेलफास्टच्या विंडसर पार्कवर स्कॉटलंडशी १-१ अशी बरोबरी झाली, आणि ब्रिटिश बेटांतील चार राष्ट्रांच्या स्पर्धेचे निर्विवाद अजिंक्यपद आयर्लंडला इतिहासात प्रथमच लाभले. बदली खेळाडू उतरविण्याची सोय त्या काळी नव्हती. बेलफास्टचा तो सामना आयर्लंडच्या जायबंदी संघाने केवळ जिद्दीवर निभावला. खुद्द ओकॉनेल हात मोडलेला असताना खेळत राहिला, अशी आठवण सांगितली जाते.

या विजयाचे मोल केवळ क्रीडाविषयक नाही. होमरूलच्या प्रश्नावरून अल्स्टरमधील प्रॉटेस्टंट आणि उर्वरित आयर्लंडमधील राष्ट्रवादी यांची सशस्त्र पथके त्या वेळी परस्परांसमोर उभी होती. या सामन्यानंतर सहाच आठवड्यांनी लार्न बंदरात अल्स्टरच्या स्वयंसेवकांसाठी बंदुकांची जहाजे रिकामी झाली. अशा काळात दोन्ही धर्मांची पोरे एकाच रंगाचा सदरा घालून खेळत होती, आणि डब्लिनच्या एका कॅथलिक गिरणी कामगाराच्या खेळावर बेलफास्टचे प्रेक्षक टाळ्या वाजवीत होते. आयर्लंडची फाळणी पुढे झाली. १९२१ मध्ये फुटबॉल संघटनाही दुभंगली. त्यामुळे १९१४ चे हे यश नंतर ना उत्तरेने पूर्णपणे आपले मानले, ना दक्षिणेने. फाळणीत माणसांची मालमत्ता वाटली जाते. आठवणी बहुधा बेवारस राहतात.

या यशानंतर मँचेस्टर युनायटेडने ओकॉनेलला १,००० पौंडांना विकत घेतले. ‘विकत घेतले’ हा शब्द येथे शब्दशः खरा आहे. त्या काळच्या इंग्लिश फुटबॉलची अर्थव्यवस्था काय होती? १९०१ पासून खेळाडूच्या वेतनावर आठवड्याला ४ पौंडांची कमाल मर्यादा होती. १९१० नंतर दीर्घ सेवा करणाऱ्यास ती ५ पौंडांपर्यंत जाऊ शकत असे. सामान्य कारागिराच्या मजुरीपेक्षा ही रक्कम जास्त होती हे खरे. पण कारागीर साठीपर्यंत काम करू शकत असे, खेळाडूचे आयुष्य फार तर दहा-बारा हंगामांचे. शिवाय कराराची मुदत संपली तरी क्लबच्या संमतीवाचून खेळाडूला दुसरीकडे जाता येत नसे. क्लबने पगार बंद करावा, आणि तरीही त्याला अन्यत्र खेळू देऊ नये, असा हा नियम! आता हिशेब करून पाहा. आठवड्याला ५ पौंड आणि वर्षाचे ५२ आठवडे धरले तरी खेळाडूची वार्षिक कमाई २६० पौंड होते. ओकॉनेलच्या खरेदीची १,००० पौंड ही रक्कम त्याच्या जवळजवळ चार वर्षांच्या पगाराइतकी होती, आणि ती गेली एका क्लबच्या तिजोरीतून दुसऱ्या क्लबच्या तिजोरीत.

याविरुद्ध आवाज उठला नव्हता असे नाही. २ डिसेंबर १९०७ रोजी मँचेस्टरच्या इम्पीरियल हॉटेलात बिली मेरेडिथ, चार्ली रॉबर्ट्स आदी खेळाडूंनी एकत्र येऊन खेळाडूंची युनियन स्थापन केली. ही युनियन कामगार संघटनांच्या महासंघाशी जोडून घेण्याचा प्रश्न निघताच फुटबॉल असोसिएशनची झोप उडाली. १९०९ मध्ये युनियन सोडा, नाहीतर खेळ सोडा, असे फर्मान निघाले. बहुतेक क्लबांचे खेळाडू नमले; मँचेस्टर युनायटेडचे खेळाडू मात्र ठाम राहिले आणि स्वतःला ‘बहिष्कृतांचा संघ’ म्हणवून घेऊ लागले. शेवटी तडजोड झाली, युनियन जिवंत राहिली. पण महासंघाशी नाते जोडता आले नाही आणि वेतनाची मर्यादाही हटली नाही. ती हटायला १९६१ साल उजाडावे लागले, आणि करार संपलेल्या खेळाडूला अडकवून ठेवण्याची प्रथा १९६३ मध्ये न्यायालयाने बेकायदा ठरविली. ओकॉनेल ज्या क्लबात दाखल झाला त्याची परंपरा ही अशी लढाऊ होती, आणि त्याच क्लबात त्याच्या चरित्रावरचा सर्वांत मोठा डाग लागला.

१९१४ च्या ऑगस्टमध्ये महायुद्ध सुरू झाले. लीगचे सामने त्या हंगामापुरते चालू राहिले. पण ते लवकरच बंद पडणार हे स्पष्ट होते. बंद पडले की वेतनही बंद. अशा वेळी २ एप्रिल १९१५ या गुड फ्रायडेच्या दिवशी ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेड आणि लिव्हरपूल यांचा सामना झाला. युनायटेड हा संघ खालच्या विभागात ढकलला जाण्याच्या बेतात होता. सामना युनायटेडने २-० असा जिंकला, आणि नेमक्या याच निकालावर अनेकांनी एकास सात या भावाने पैजा लावल्याचे उघडकीस आले. १-० अशी आघाडी असताना युनायटेडला पेनल्टी मिळाली. ती मारावयास कर्णधार ओकॉनेल पुढे आला आणि त्याने चेंडू गोलापासून कितीतरी लांब मारला. उत्तरार्धात खेळ इतका निर्जीव झाला की प्रेक्षकांनी हुर्यो उडविली. लिव्हरपूलच्या फ्रेड पॅग्नमचा एक फटका गोलाच्या आडव्या दांड्यावर आदळला, तर त्याचेच साथीदार त्याच्यावर चिडले!

चौकशी झाली. १९१५ च्या डिसेंबरात युनायटेडचे सँडी टर्नबुल, आर्थर व्हॅली व इनॉक वेस्ट आणि लिव्हरपूलचे जॅकी शेल्डन, टॉम मिलर, बॉब पर्सेल व टॉमस फेअरफाऊल अशा सात खेळाडूंना आजन्म बंदीची शिक्षा झाली. ओकॉनेलवर कोणतीही शिक्षा झाली नाही. त्याने ती पेनल्टी जाणूनबुजून चुकविली काय? पुरावा सिद्ध झाला नाही, एवढेच म्हणता येते. संशय मात्र जन्मभर त्याच्यामागे राहिला.

येथे दोन गोष्टी स्पष्टपणे सांगितल्या पाहिजेत. सामना विकणे हा गुन्हा होता आणि आहे. आठवड्याची मजुरी बाजूला टाकून तिकीट काढणारा मँचेस्टरचा कामगार त्या दिवशी फसविला गेला, आणि तो फसविला गेला आपल्याच वर्गाच्या माणसांकडून. दारिद्र्य हे या गुन्ह्याचे स्पष्टीकरण असेल, समर्थन नव्हे. परंतु न्यायनिवाडा कसा झाला तेही पाहिले पाहिजे. सामन्याचा निकाल कायम ठेवण्यात आला. युनायटेडला त्याचे गुण मिळाले आणि तो संघ एका गुणाच्या फरकाने वरच्या विभागात तरला. क्लबला दंड नाही, संचालकांना जाब नाही. शिक्षा झाली ती केवळ वेतनदारांना. टर्नबुल हा १९०९ च्या लढ्यातला बहिष्कृतांपैकी एक. तो १९१७ च्या मे महिन्यात फ्रान्समधील आरास येथे रणांगणावर मारला गेला. युद्धात केलेल्या सेवेबद्दल १९१९ मध्ये इतरांची बंदी उठली. टर्नबुलची उठली ती मरणोत्तर! इनॉक वेस्टने आपले निर्दोषत्व सिद्ध करण्यासाठी न्यायालयाची पायरी चढली आणि तो हरला. त्याची बंदी १९४५ पर्यंत टिकली. ती उठली तेव्हा तो ५९ वर्षांचा होता. व्यवस्थेला आव्हान देणाऱ्याची शिक्षा सर्वांत लांबते, हा अनुभव जगाच्या पाठीवर सर्वत्र सारखाच आहे.

युद्ध संपले तेव्हा ओकॉनेलची तिशी उलटलेली होती. स्कॉटलंडमध्ये डम्बार्टन, मग इंग्लंडच्या उत्तरेकडील खाणकामगारांच्या वस्तीतला अ‍ॅशिंग्टन, असा उताराचा प्रवास सुरू झाला. १९२२ मध्ये त्याने एकाएकी स्पेनचा रस्ता धरला आणि सांतांदेरच्या रासिंग क्लबचा प्रशिक्षक झाला. मागे मँचेस्टरमध्ये पत्नी एलन आणि चार मुले राहिली. स्पेनहून अधूनमधून पैसे येत. तो स्वतः मात्र घरी परतला नाही. पुढे स्पेनमध्ये त्याने दुसरा संसार थाटला, आणि पहिला विवाह कायद्याने संपलेला नव्हता. अनेक वर्षांनी त्याचा मुलगा बापाला शोधीत स्पेनमध्ये गेला, तेव्हा बापाने त्याची ओळख ‘पुतण्या’ अशी करून दिली, असे कुटुंबीय सांगतात. थोर पुरुषांच्या चरित्रात अशा प्रकरणांवर पडदा टाकण्याची प्रथा आहे. ती येथे पाळण्याचे कारण नाही. क्लबने खेळाडूच्या श्रमाचा मोबदला नाकारला हे जर शोषण, तर चार मुलांना एकटीने वाढविणाऱ्या एलनच्या श्रमाची नोंद कोणत्याच वहीत नाही, यालाही दुसरे नाव नाही. श्रमिकांच्या चळवळीने हा दुसरा हिशेब फार काळ मांडलाच नव्हता.

स्पेनमध्ये मात्र ओकॉनेलचे दिवस पालटले. शिस्त, शारीरिक तयारी आणि भक्कम बचाव या त्रयीवर त्याने संघ उभे केले. लोक त्याला ‘दोन पात्रिसिओ’ म्हणू लागले. सांतांदेरमध्ये सात वर्षे आणि त्यानंतर ओव्हिएदो येथे काम करून तो दक्षिणेकडे सेव्हिल शहरातील बेतिस क्लबकडे गेला. १९३१ मध्ये राजा परागंदा झाला होता आणि प्रजासत्ताक स्थापन झाले होते. राजेशाहीची बिरुदे गळून पडली होती. बेतिसच्या नावामागचा ‘रेआल’ हा राजाचा शब्दही गेला होता. १९३४-३५ च्या हंगामात ओकॉनेलच्या या संघाने २२ सामन्यांत केवळ १९ गोल स्वीकारले आणि बलाढ्य माद्रिदला एका गुणाने मागे टाकून स्पेनचे अजिंक्यपद पटकावले. अखेरच्या दिवशी, २८ एप्रिल १९३५ रोजी, बेतिसने ओकॉनेलच्याच जुन्या रासिंग संघाला ५-० असे हरविले. त्या क्लबला लीगचे विजेतेपद त्यानंतर पुन्हा कधीही लाभलेले नाही.

या कीर्तीमुळे १९३५ मध्ये बार्सिलोनाने त्याला बोलाविले. कातालोनिया हा स्वतंत्र भाषेचा आणि स्वायत्ततेची आकांक्षा बाळगणारा प्रांत. क्लबचा अध्यक्ष जुझेप सुन्योल हा डाव्या प्रजासत्ताकवादी पक्षाचा लोकप्रतिनिधी होता. १९३६ च्या जुलैमध्ये फ्रँको आणि त्याच्या साथीदार सेनानींनी बंड केले. ६ ऑगस्ट रोजी माद्रिदजवळच्या ग्वादारामा डोंगरात सुन्योल फ्रँकोच्या सैनिकांच्या हाती सापडला, आणि त्यांनी त्याला गोळ्या घातल्या. इकडे क्लबच्या नोकरांनीच एक समिती स्थापून क्लबचा कारभार हाती घेतला. जगातल्या एका अग्रगण्य फुटबॉल क्लबचा कारभार त्याचे कर्मचारी चालवीत होते, ही गोष्ट क्रीडा इतिहासाच्या पुस्तकांत सहसा एका ओळीत आटोपली जाते.

बंड झाले तेव्हा ओकॉनेल सुटीवर आयर्लंडमध्ये होता. परत न जाण्यास त्याच्याजवळ हवी तेवढी कारणे होती. आयर्लंडच्या चर्चची आणि वृत्तपत्रांची सहानुभूती बव्हंशी फ्रँकोकडे होती. ओडफीसारखे पुढारी फ्रँकोच्या मदतीला स्वयंसेवक नेत होते. फ्रँक रायनसारखे मोजके आयरिश तरुण प्रजासत्ताकाच्या बाजूने लढावयास गेले. ओकॉनेलने बंदूक उचलली नाही, भाषण केले नाही; तो आपल्या कामावर परत गेला, एवढेच. युद्धाच्या छायेत, प्रजासत्ताकाच्या ताब्यातील प्रदेशापुरती १९३७ मध्ये भरलेली भूमध्य लीग त्याच्या संघाने जिंकली. पण क्लब कर्जात बुडाला होता, प्रेक्षक आघाडीवर गेले होते.

अशा वेळी मेक्सिकोहून निमंत्रण आले : संघाने दौऱ्यावर यावे, सर्व खर्च आणि वर १५,००० डॉलर मिळतील. १९३७ च्या उन्हाळ्यात ओकॉनेल संघ घेऊन निघाला. संघाचा मालिश करणारा उपलब्ध नव्हता म्हणून मैदानाची निगा राखणारा आन्खेल मूर त्या कामासाठी बरोबर घेतला गेला. राष्ट्राध्यक्ष कार्देनास यांच्या मेक्सिकोने प्रजासत्ताकाची बाजू उघडपणे उचलून धरली होती, त्यामुळे संघाचे स्वागत दणक्यात झाले. तिथून मंडळी न्यूयॉर्कला गेली. दौरा संपला तेव्हा प्रत्येकापुढे प्रश्न उभा राहिला : परत जावयाचे की नाही? बहुतेक खेळाडू मेक्सिकोत किंवा फ्रान्समध्ये राहिले. त्यांना दोष देणे सोपे आहे, पण बाँबवर्षावाखालच्या शहरात न परतणाऱ्याला भित्रा म्हणण्याचा अधिकार सुरक्षित ठिकाणी बसलेल्यांना नसतो. ओकॉनेल, मूर आणि मूठभर खेळाडू परतले. दौऱ्याच्या कमाईतील सुमारे साडेबारा हजार डॉलर क्लबचे चिटणीस रोसेन्द काल्व्हेत यांनी पॅरिसच्या बँकेत सुरक्षित ठेवले होते. याच पैशातून क्लबची देणी भागली आणि क्लब वाचला. १९३८ च्या मार्चमध्ये इटालियन विमानांनी बार्सिलोनावर जो बाँबवर्षाव केला त्यात क्लबचे कार्यालय उद्ध्वस्त झाले. त्याच वर्षीच्या जूनमध्ये पंडित नेहरू त्या शहरात गेले होते आणि तिथले बाँबहल्ले त्यांनी स्वतः अनुभवले होते. ते बार्सिलोना हेच.

म्हणून ओकॉनेल क्रांतिकारक ठरतो काय? नाही. फ्रँकोच्या विजयानंतरही तो स्पेनमध्येच राहिला, बेतिस व सेव्हियाचा प्रशिक्षक झाला, आणि सेव्हियाला १९४२-४३ मध्ये लीगमध्ये दुसऱ्या क्रमांकावर नेले. हुकूमशाहीविरुद्ध त्याने काही केल्याची नोंद नाही. तो पोटासाठी राबणारा मनुष्य होता; जिथे काम मिळाले तिथे गेला. मग काम मिळेनासे झाले. वय झालेल्या प्रशिक्षकाला ना निवृत्तिवेतन, ना भविष्यनिर्वाह निधी. १९५० च्या दशकात तो लंडनला परतला. युनायटेड, बेतिस, बार्सिलोना या साऱ्यांनी त्याच्या श्रमावर आपल्या परंपरा उभारल्या होत्या. म्हातारपणी त्याच्या वाट्याला आले दारिद्र्य आणि नामफलक नसलेली कबर.

मित्रहो, या चरित्रात नायक शोधणाऱ्याची निराशा होईल, आणि खलनायक शोधणाऱ्याचीही. एकाच माणसाच्या हातून १९१५ ची संशयास्पद पेनल्टी घडली आणि १९३७ चा परतीचा प्रवासही घडला. त्याच माणसाने एका स्त्रीला व चार मुलांना वाऱ्यावर सोडले. वैयक्तिक दोषांचे माप ज्याचे त्याच्या पदरात घालावे, त्यात कुचराई करू नये. पण त्या तराजूच्या दुसऱ्या पारड्यात व्यवस्थेलाही बसविले पाहिजे. खेळाडूकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा धरणाऱ्या समाजाने त्याला वाजवी वेतन, संघटनेचा हक्क आणि म्हातारपणाची शाश्वती दिली आहे काय, हे आधी विचारले पाहिजे. आज फुटबॉलच्या बाजारात अब्जावधींची उलाढाल होते आणि मूठभर खेळाडू धनाढ्य झाले आहेत. त्यांच्या झगमगाटाआड दुखापत होताच बाहेर फेकले जाणारे असंख्य खेळाडू आणि मैदानाची निगा राखणारे हजारो मूर आजही आहेत. केन्सल ग्रीनच्या कबरीवर दगड बसला, हे चांगले झाले. राबणाऱ्याच्या हाती त्याच्या हयातीतच त्याचा वाटा पडला, तर मागाहून दगडासाठी वर्गणी काढण्याची पाळी येणार नाही.